एकोणचाळीस तास

रविवारी सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी मॅनेजरबाईंनी स्ट्राँगरूमच्या दाराचं चाक फिरवलं, आणि ते फिरलं नाही.

हेडकॅशियरने आपली किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि पुन्हा घातली. बाईंनीही आपली पुन्हा घातली. चाक जिथल्या तिथे. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काय झालं ते दोघांनाही एकदमच कळलं, पण आधी कोणी म्हणायचं हा प्रश्न होता.

त्या दाराच्या आतल्या अंगाला तीन घड्याळं आहेत. संध्याकाळी दार लोटण्याआधी त्यांना चावी द्यायची, किती तासांनी उघडायचं ते ठरवायचं, आणि मग दार लावायचं. तेवढे तास सरेपर्यंत दोन्ही किल्ल्या हातात असोत नाहीतर बँकेचे चेअरमन जातीने येऊन उभे राहोत, दार ढिम्म हलत नाही. शनिवारी सहाला पंधरा तासांची चावी द्यायची होती. बाईंच्या हाताने एकोणचाळीस तासांची दिली. वीस-बावीस वर्षं दर शनिवारी हाताला तीच सवय, आणि हा शनिवार वेगळा आहे हे हाताला कोणी बजावलं नव्हतं.

"म्हणजे उद्या नऊला," हेडकॅशियर म्हणाला.

"उद्या नऊला."

"आकडा मीही बघितला होता, मॅडम. मलाही बरोबरच वाटला." तो मुळात कमी बोलणारा माणूस. एवढं बोलून त्याने अर्धी चूक आपल्या नावावर घेतली, आणि बाईंना त्याची माया आली.

चूक एरवी फार मोठी नव्हती. सोमवारी महिनाअखेर, त्याच दिवशी ही शाखा बाजारातल्या मोठ्या शाखेत विलीन व्हायची, आणि त्याच दिवशी बाईही निवृत्त व्हायच्या. लॉकरच्या याद्या करायला रविवारी दार उघडण्याची परवानगी मिळाली होती. याद्या काय, सोमवारीही झाल्या असत्या. पण लॉकर नंबर एकमध्ये या इमारतीचं मूळ खरेदीखत होतं. इमारत बाईंच्या सासूबाईंच्या नावावर. बँक खाली भाड्याने, सासूबाई वर. आणि वर या घडीला बाईंचा नवरा, दीर, नणंद असे सगळे जमून बसले होते, कारण अकराला बिल्डर येणार होता, मूळ कागद बघणार होता आणि विक्रीच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या.

"मी येऊ का वर?" हेडकॅशियरने विचारलं.

"नको. निस्तरायचं ते माझं मला."

जिना बाहेरून होता, वीस पायऱ्यांचा. बँकेत नवी क्लार्क म्हणून लागल्या तेव्हा पाणी मागायच्या निमित्ताने बाई हा जिना दिवसातून दोनदा चढायच्या, आणि त्यातूनच लग्न जमलं, हे सगळ्या घराला पाठ आहे. पाचव्या वर्षी पहिली बदली झाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तू जा, माझा मुलगा इथेच राहील. बाई त्याला घेऊन गेल्या. त्यानंतर एकतीस वर्षं त्यांनी हा जिना पाहुण्यासारखाच चढला. तीन वर्षांपूर्वी मॅनेजर म्हणून याच शाखेत परत आल्या, तरी बिऱ्हाड गावाच्या दुसऱ्या टोकाला, बँकेच्या क्वार्टरमध्ये थाटलं. वर राहायला या असं कोणी म्हणालं नाही, येऊ का असं बाईंनी विचारलं नाही. बँकेत ज्यांच्या एका शब्दावर कामं हलत, त्या बाई वीस पायऱ्या चढल्या की मुक्या होत.

*

थोरल्या दिरांना आधी हसू आलं आणि मग राग.

"छत्तीस वर्षांत एक चूक नाही मॅनेजरबाईंची, आणि पहिली झाली ती नेमकी आज," ते म्हणाले. भावजयीला ते चेष्टेने मॅनेजरबाई म्हणत. आज त्यात चेष्टा नव्हती.

बाईंनी झालं ते जसंच्या तसं सांगितलं, कारण जोडलं नाही. त्यामुळे थोरल्यांचा संशय वाढलाच. त्यांनी धाकट्या भावाकडे बघितलं. बाईंचा नवरा, म्हणजे घरातला मधला, चष्म्याच्या काचा पुसत होता. बायकोच्या प्रत्येक बदलीबरोबर त्याने नव्या गावात चष्म्याचं दुकान मांडलं, मोडलं आणि पुन्हा मांडलं, पण कोणत्याही बैठकीत त्याने एका वाक्यापलीकडे मजल मारली नाही. आजही तेच वाक्य आलं, "माझं काही म्हणणं नाही."

थोरल्यांनी बिल्डरला फोन केला. तो नाराज झाला. त्याच्यापुढे दुसरं एक घर होतं. सोमवारी अकरा, त्यानंतर थांबणार नाही, असं त्याने सांगितलं. धाकटी बहीण संध्याकाळच्या बसने जाणार होती. तिने हॉस्पिटलला कळवून एक दिवसाची रजा वाढवली, आणि वहिनीकडे न बघता आत गेली.

हे सगळं आईसमोरच चाललं होतं. ब्याऐंशी वर्षांची आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती आणि सगळ्यांकडे कौतुकाने बघत होती. तिन्ही मुलं एकदम घरात, हेच तिला पुरे होतं. कानाचं मशीन नेहमीप्रमाणे खणात. ते शिट्टी वाजवतं म्हणून ती घरात घालत नसे.

थोरले गच्चीवर जाऊन उभे राहिले. आपल्याला सगळे घरविक्या म्हणत असणार हे त्यांना ठाऊक होतं. पण दोन तासांचा प्रवास करून दर महिन्याला इथे येतं कोण? टाकी, गळती, विजेचं बिल, बघतं कोण? गेल्या हिवाळ्यात ते एक तास दाराबाहेर उभे होते. बेल वाजवत, दार ठोठावत. आत दूध उतू जाऊन जळाल्याचा वास येत होता. आईने शेवटी दार उघडलं ते कचरा टाकायला. "कधी आलास?" म्हणाली, आणि हसली. त्या दिवशी जिन्यात बसून ते रडले होते. त्यांच्या बायकोलाही हे माहीत नाही. त्यात आता बँक जाणार, म्हणजे भाडं जाणार, आणि खालचा मजला घेणार तरी कोण? मधोमध दोन फुटी भिंतींची, बिनखिडकीची एक खोली. वडील बांधकामाचे कंत्राटदार होते. त्यांनी ते दार आधी आणून उभं केलं आणि भिंती मागून बांधल्या. आता ते काढायचं तर भिंत पाडायला लागेल.

म्हणून ठरलं होतं. विकायचं, आणि आई चार-चार महिने तिघांकडे. आईला त्यांनी दोनदा समजावून सांगितलं होतं. दोन्ही वेळा तिने मान हलवली होती.

*

दुपारी जेवणं झाल्यावर बाई खाली बँकेत जाऊन बसल्या. वर बसवेना. मुख्य कचेरीने त्यांच्याकडून शाखेचा इतिहास मागवला होता, दोन पानांत, सोमवारपर्यंत. त्यांनी लिहायला घेतलं. शाखा चव्वेचाळीस वर्षांपूर्वी उघडली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही माणूस आला नाही, तेव्हा घरमालकांनी स्वतः खातं काढलं आणि मग साइटवरच्या सगळ्या गवंड्यांना रांगेत उभं केलं. पहिला मॅनेजर टेबल येईपर्यंत सिमेंटच्या पोत्यांवर फळी टाकून बसायचा. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून सहा महिने तो कोणी उघडलाच नाही. हे लिहिताना बाईंना बरं वाटत होतं. पण दुसऱ्या पानावर स्वतःबद्दल काय लिहायचं ते सुचेना, आणि तेवढ्यात धाकटी नणंद आली.

धाकटी एका शहरातल्या हॉस्पिटलात कान तपासते. दिवसाला वीस जणांचे. समोरच्या खुर्चीत बसून तिने एकदम विचारलं, "वहिनी, मुद्दाम केलंत का?"

"नाही."

"दादाला तसं वाटतंय."

"तुम्हाला?"

धाकटीने नजर टेबलावरच्या कागदांकडे वळवली. बाईंनी पेन ठेवलं. "मुद्दाम नाही केलं. पण सकाळी चाक फिरलं नाही तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, वन्सं, आणि तसं वाटलं नाही. हे मात्र खरं."

मग बाई बोलत गेल्या, बँकेत बोलायच्या तशा. कोणी म्हातारं माणूस मोठा व्यवहार करायला आलं की त्या फॉर्म पुढे सरकवत नसत. आधी विचारत, आजी, तुम्ही आज काय करताय ते मला तुमच्या शब्दांत सांगा. सोबत आलेल्या मुलाने तोंड उघडलं तर त्याला बाहेर बाकावर बसवत. मुलं चिडत, तक्रारी करत. पण नुसत्या मान हलवण्यावर बाईंनी कधी सही घेतली नाही. शाखेत हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो त्यांचा होता.

"आईंना विचारलंय कोणी असं?"

धाकटीने उलट विचारलं, "तुम्ही का नाही विचारलंत?"

"मी सून. त्यातून एकदा त्यांचा मुलगा घेऊन गेलेली. कोणत्या तोंडाने विचारू? म्हणून गप्प बसले. सोपं पडलं तेच केलं."

धाकटीला वहिनीचा राग येऊन बसला होता, तो इथे उतरला. त्याच्या जागी स्वतःचाच आला. वीस लोकांचे कान रोज तपासतो, आणि आईशी बोलताना मात्र आपणही दुसऱ्यांसारखे ओरडून मोकळे होतो. ती तशीच वर गेली. आई खिडकीशी होती, खाली चौकात बसगाड्या गिअर बदलत होत्या, शेजारी कोणाचं तरी ड्रिल चाललं होतं. धाकटीने खणातलं मशीन तिच्या कानात बसवलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. आईने मान हलवली.

"काय सांगितलं मी? सांग बघू."

आईचा चेहरा उतरला. "परीक्षा घेतेस का माझी?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली. संध्याकाळपर्यंत ती कोणाशी बोलली नाही. धाकटीला करायचं होतं एक आणि झालं भलतंच.

*

सोमवारी नऊच्या आधीच बँकेबाहेर माणसं जमली होती. शेवटचा दिवस म्हणून काही कामाने आली होती, काही उगाच. नऊला आतून बारीक खट्ट झालं, दोन किल्ल्या फिरल्या, चाक फिरलं, आणि दार उघडलं. हेडकॅशियरने बाईंकडे बघून मान तुकवली, जणू कोणी प्रसूत होऊन सुखरूप सुटलं.

सासूबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. मशीनही घातलं होतं. बँकेत जायचं तर टापटिपीने जायचं, हा त्यांचा चव्वेचाळीस वर्षांचा नेम. धाकटी त्यांचा हात धरून आत गेली. बाईंनी आपली किल्ली लॉकरला लावून फिरवली आणि बाहेर येऊन दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. लॉकर उघडताना बघायचं नाही हा नियम. स्ट्राँगरूमचं जड दार त्यांनी अर्धं ओढून घेतलं.

आत सासूबाई लॉकरशी खुडबुडत होत्या. किल्ली उलटी लागत होती.

"दुसऱ्या बाजूने, आई," धाकटी मागून म्हणाली. त्या खोलीत आवाज आपोआपच खाली येतो. ती जवळजवळ पुटपुटलीच.

आईने किल्ली फिरवून दुसऱ्या बाजूने घातली.

धाकटी जागच्या जागी थबकली. आई पाठमोरी होती. ओठ बघून अंदाज बांधायचा प्रश्नच नव्हता. बसगाड्या नाहीत, ड्रिल नाही, पंखासुद्धा नाही. मशीनची शिट्टी नाही. ज्या खोलीत ती हॉस्पिटलात कान तपासत असे, तिच्या शेजारी लिफ्ट होती, आणि लिफ्ट हलली की दर वेळी तपासणी थांबवावी लागे. अशी शांतता तिने बारा वर्षांच्या नोकरीत ऐकली नव्हती.

"आई, तुला ऐकू येतंय?"

"येतंय की. ओरडतेस कशाला?"

धाकटीचे डोळे भरून आले. तिने आईला तिथल्या स्टुलावर बसवलं, स्वतः जमिनीवर बसली, आणि एकेक वाक्य सुटं करून सांगितलं. घर विकायचं ठरलंय. अकराला माणूस येतोय. तू सही केलीस की तो हे घर पाडणार. मग तू चार महिने दादाकडे, चार महिने आमच्याकडे, चार महिने मधल्याकडे. "आता तू काय करणार आहेस ते तुझ्या शब्दांत सांग, आई."

दाराबाहेर बाईंना सगळं ऐकू येत होतं. थोरले कागदासाठी घाई करत येऊन त्यांच्याशेजारी थांबले होते, तेही ऐकत होते.

"बँक जाणार हे माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "घर पाडणार हे कोणी सांगितलं नाही."

थोरल्यांनी दार ढकललं. "मी सांगितलं आई. दोनदा सांगितलं. तू हो म्हणालीस."

"तू सांगताना इतका दमलेला दिसायचास रे. काय सांगतोयस ते कळायचं नाही. म्हटलं, हो म्हणून टाकावं, तेवढाच तुला आराम."

थोरले लॉकरच्या रांगेला टेकून उभे राहिले आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"विकायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण एकटीही राहायचं नाही. आता हे कसं जमवायचं ते बघू. एकेकाने या आत. इथे मला तुमचं बोलणं कळतंय. मोठ्या, आधी तू."

मॅनेजरबाईंनी नियमांचा विचार केला. स्ट्राँगरूममध्ये बसून गप्पा मारायची परवानगी कोणत्याही परिपत्रकात नव्हती. बाहेर रांग वाढत होती. त्यांनी हेडकॅशियरकडे बघितलं.

"रांगेचं मी बघतो, मॅडम," तो म्हणाला. "आज कोणाला घाई नाही."

थोरले वीस मिनिटं आत होते. काय बोलणं झालं ते कोणालाच कळलं नाही. फक्त मध्ये एकदा दोघं हसल्याचं ऐकू आलं. बाहेर येऊन त्यांनी बिल्डरला फोन लावला, नाही म्हणून सांगितलं आणि माफीही मागितली. "गच्ची मात्र या पावसाळ्याआधी करून घ्यायची," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आणि मी एकट्याने नाही."

मधला गेला तो पाच मिनिटांत परत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. सगळे त्याच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत उभे होते. "माझं एक म्हणणं आहे," तो म्हणाला. "दुकान इथे खाली आणतो. पुढे डोळे, मागे कान. धाकटीने यावं." धाकटी म्हणाली, नोकरी आहे, मुलांची शाळा आहे, असं सांगून का होतं, सहा महिने तरी लागतील. पण हे म्हणता म्हणता ती पावलं टाकून स्ट्राँगरूमची लांबी मोजत होती.

सगळ्यांत शेवटी आतून हाक आली, "सूनबाई."

बाई आत गेल्या. या खोलीत त्या हजारदा आल्या असतील, पण स्टुलासमोर जमिनीवर कधी बसल्या नव्हत्या. सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. मोठ्यांच्या हाताची सवय नसल्यासारखा बाईंचा हात अवघडला.

"तीन वर्षं तू रोज सहाला खालचं दार लावून निघायचीस," सासूबाई म्हणाल्या. "मी गॅलरीत उभी असायची. तू वर बघायचीस, हात करायचीस आणि जायचीस. मला वाटायचं, तू काहीतरी म्हणालीस आणि मला ऐकू आलं नाही. मग रात्रभर विचार करायची, काय म्हणाली असेल."

छत्तीस वर्षं माणसांना त्यांच्या शब्दांत बोलतं करणाऱ्या बाईंना स्वतःचे शब्द जमवायला वेळ लागला.

"मी काही म्हणालेच नव्हते, आई."

"मग आता म्हण."

"मला वर राहायला यायचंय. तुमच्याजवळ."

सासूबाईंनी सुनेच्या खांद्याचा आधार घेतला आणि त्या उठल्या. "ऐकलं," त्या म्हणाल्या. "चल, आता बाहेर जाऊन सगळ्यांना सांग. आणि मोठ्याने सांग."